आईच्या वाट्याची सुकडी

नेपरव्हिल, १४ ऑक्टोबर

चि. केसर,

मिलो सापडली. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळायची ती लाल ज्वारी, जिच्या भाकरीला तव्यावरच चिरा पडायच्या आणि खाल्ली की पोटात दगड बसायचा, तीच. आपला बाप म्हणायचा, अमेरिकेत ही जनावरांना घालतात. तसं नाही, पाखरांना घालतात. शेजारच्या नोराबाईनं अंगणात खांबाला डबा टांगलाय, त्यात असते. आणि इथली पाखरं काय करतात, तर लाल दाणा चोचीनं बाजूला फेकतात आणि बाकीचं खातात. मी वाकून मूठभर उचलली आणि वास घेतला. त्रेपन्न वर्षं झाली, नाक काही विसरलं नाही.

तू म्हणशील, अकरा वर्षांनी आक्काला पत्र लिहायला बरी ज्वारी सापडली. फोन केला की तू घेत नाहीस. तुझी सून घेते आणि म्हणते, मावशी, सासूबाई शेतात गेल्यात. अकरा वर्षं बाई शेतात आहे. माणसानं एवढं शेतात राहिलं तर त्याला आता कणसं फुटायला हवी होती.

म्हणून लिहिते. मी लिहिलेल्या कागदाचा रुचा फोटो काढते आणि तुझ्या सुनेच्या, सुलभाच्या मोबाईलवर धाडते. रुचा म्हणजे माझ्या शशिकांतची मुलगी, सोळा वर्षांची. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, तेव्हा इकडून काही फुटायची भीती नाही. तिकडे तुला वाचता येत नाही आणि वाचून दाखवणार सुलभा. म्हणून जपून लिहिते. सुलभा, राग मानू नकोस. तू अंगणवाडीत असतेस, गावभरच्या बायका तुझ्याकडे येतात. तुझ्या पोटात गोष्ट राहते, पण संध्याकाळपर्यंतच.

आता कामाचं. रुचाला शाळेत एक काम दिलंय. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची जुनी गोष्ट रेकॉर्ड करायची. ते रेकॉर्डिंग इथल्या लायब्ररीत कायमचं ठेवणार म्हणे. रुचानं आमचा दुष्काळ निवडला. नोराबाई आयर्लंडची, त्यांच्याकडेही एक मोठा दुष्काळ होऊन गेला, आणि तिच्या चर्चच्या हॉलमध्ये दर नोव्हेंबरात त्याची आठवण करतात. यंदा मलाही तिथं बोलायला उभी करणार आहेत. आसावरी, म्हणजे माझी सून, म्हणाली, आई, घाबरू नका, मी साडी नेसवून देते. मी म्हणाले, बाई, साडी मी नेसते, तू मला तिथली थंडी सोसवून दे.

रुचा कदाचित तुलाही फोनवर विचारेल. तिला खडी फोडल्याचं सांग. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरल्याचं सांग. कामावर मिळायच्या त्या सुकडीचं काढू नकोस. पोरीला त्याचं काय करायचंय.

तुझ्या नातीला, चैत्रालीला, सातवा लागला असं शशिकांत म्हणाला. माहेरी तुमच्याकडेच बाळंतपणाला येणार ना. जपा.

आक्का

नेपरव्हिल, ९ नोव्हेंबर

चि. केसर,

सुलभाचा निरोप आला. त्याचं शेवटी लिहिते. आधी नोराबाईचं ऐक.

ती चौऱ्याऐंशीची आहे. एकोणिसाव्या वर्षी नर्स म्हणून शिकागोला आली. तिच्या गावाकडे पावणेदोनशे वर्षांपूर्वी बटाटा कुजला. गरिबाला बटाट्याशिवाय दुसरं खाणंच नव्हतं. आठ दिवसांत शेतं काळी पडली आणि असा वास सुटला की माणसं दारं लावून बसली. हे तिच्या आजीला तिच्या आजीनं सांगितलेलं, पण नोराबाई सांगते जसं काही गेल्या मंगळवारी झालं. चार वाजता रुचा शाळेतून येते, मग आम्ही तिघी नोराबाईच्या स्वयंपाकघरात बसतो. रुचा मध्ये बसून इकडचं तिकडे करते.

त्यांच्या गावात एक माळ आहे. तिथल्या गवताला भुकेलं गवत म्हणतात. कोणीतरी तिथं उपाशी पडून मेलं होतं. त्या गवतावर पाय पडला की धडधाकट माणसाला अशी भूक लागते की तो जागच्या जागी बसतो. म्हणून तिच्या लहानपणीसुद्धा लोक तिथून जाताना खिशात भाकरीचा तुकडा ठेवायचे. मी म्हणाले, आमच्याकडे गवतच उरलं नव्हतं, त्यामुळे ही भानगड झाली नाही. रुचानं ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा नोराबाई एवढी हसली की कवळी धरावी लागली.

मग मी विचारलं, तुमच्या घरातले किती गेले? म्हणाली, आमच्या घरातलं कोणी नाही, डोंगरापलीकडच्या लोकांचे हाल झाले. मला हसू आलं. आपल्या धामणदऱ्यात विचार कोणालाही. आम्ही कसंबसं निभावलं म्हणतील, हाल झाले ते वरच्या वाडीचे. वरच्या वाडीला जा, ते बोट आपल्याकडे करतील. दुष्काळ कायम शेजारच्या गावात पडलेला असतो.

आणखी एक सांगितलं. त्या वर्षी काही ठिकाणी सूप वाटायचे, पण ज्यानं आपला धर्म सोडला त्यालाच. ज्या घरानं ते सूप घेतलं त्या घराला नाव पडलं. पाच पिढ्या गेल्या तरी नाव गेलं नाही. पोरीला स्थळ येईना, दूध मागितलं तर शेजारी भांडं पुढे करीनात. तिच्या गावात टिअर्नी म्हणून एक घर होतं, ते सुपाचं घर. नोराबाई म्हणाली, पहिल्या दिवशी ते सूप प्यायलं की पोटात कळा यायच्या, दुसऱ्या दिवशी मिरीनं जीभ सोलवटायची, तिसऱ्या दिवशी मात्र झोप लागायची. टिअर्नी पुढे जहाजात बसून निघून गेले. नाव मागे राहिलं.

मी चहा प्यायले.

आता सुलभाचं. सुलभा, इथून पुढचं केसरला वाचू नकोस. तिला सांग, पत्र संपलं.

तू लिहिलंस की डोहाळजेवणाला चैत्रालीची सासू आली होती आणि ओट्यावर बसून चार बायकांदेखत म्हणाली, बाळंतिणीच्या खोलीत तुमची भाऊखाई यायला नको. तिच्या हातचं पाणीसुद्धा पोरीला देऊ नका. आणि केसर आत गेली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, मी सव्वा महिना शेतातल्या खोपीत राहते. तू विचारतेस, मावशी, बावीस वर्षं मी हे नाव पाठीमागून ऐकते, मला खरं काय ते सांगा, म्हणजे मी विहीणबाईंना तोंड देईन.

तर ऐक. आमच्या आईला त्या दुष्काळात मुलगा झाला. आम्हा दोघी बहिणींच्या पाठीवर. आई बाळंतीण होईपर्यंत तलावाच्या कामावर माती वाहत होती. कामावर लेकरांना आणि बाळंतिणींना सुकडी मिळायची, ते गुळचट कोरडं पीठ. आईचा वाटा आम्ही दोघी संध्याकाळी फडक्यात बांधून घरी आणायचो. केसर दहा वर्षांची होती. वाटेत बोरीच्या झुडपामागे, गावाकडे पाठ करून बसली आणि खाल्ली. फडक्याला चिकटलेलं दातांनी ओढून खाल्लं. असं आठ दिवस. आईचं दूध आटलं आणि पोरगं गेलं. एवढंच आहे. लेकरू होती, भुकेली होती. विहीणबाईंना म्हणावं, दहा वर्षांच्या पोरीचं काय धरून बसता.

आक्का

नेपरव्हिल, २३ नोव्हेंबर

चि. केसर,

सुलभा, हे केसरला सगळं वाच.

काल हॉलमध्ये बोलले. दीडशे माणसं होती, बरीचशी माझ्या वयाची, लाल गालांची. बाहेर पहिला बर्फ पडत होता. आधी नोराबाई बोलली. तिनं भुकेल्या गवताचं सांगितलं, टिअर्नीच्या घराचं सांगितलं, सुपाचं सांगितलं. मग मी. मी दोन वाक्यं मराठीत बोलायची आणि रुचा तेवढंच इंग्रजीत सांगायची. खडीचं सांगितलं, मिलोचं सांगितलं. त्यांच्याकडेही तेव्हा अमेरिकेहून पिवळा मका आला होता आणि तो शिजवायचा कसा हे कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून मिलोचं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या.

मग सुकडीचं सांगितलं. मी तुला म्हणाले होते काढू नकोस, आणि मीच काढलं. समोर एवढी माणसं तोंडाकडे बघायला लागली की माणूस चढतो. झुडूप सांगितलं, पाठ सांगितली, फडकं सांगितलं. बायका डोळे पुसायला लागल्या. मी म्हणाले, माझ्या बहिणीला गाव अजून क्षमा करत नाही, पण मी केली आहे.

उठून टाळ्या वाजवल्या त्यांनी. उभ्यानं, केसर. शशिकांतसुद्धा वाजवत होता. एका बाईनं मला मिठी मारली आणि म्हणाली की माझं मन मोठं आहे. रुचानं ते मला मराठीत सांगितलं तेव्हा मला वाटलं जमीन फाटली तर बरं, पण इथं खाली तळघर असतं, जाऊन जाऊन तिथंच पोचणार.

घरी आल्यावर आसावरीनं विचारलं, आई, काही खाता का. ती स्वतः सध्या सोळा-सोळा तास उपाशी राहते. वजनासाठी. फोनवर घंटा लावते, घंटा वाजली की खाते. मी म्हणाले, मला नको. ती म्हणाली, तुम्हीपण सुरू केलं की काय.

आक्का

नेपरव्हिल, २ डिसेंबर

चि. केसर,

सुलभा लिहिते की तू हॉलचं पत्र ऐकलंस आणि उठून विळा घेऊन गेलीस. बरं केलंस. तुझ्या जागी मी असते तर विळा घेऊन इकडे आले असते.

काल नोराबाईकडे गेले होते. रुचा होती. मला राहवेना. मी म्हणाले, रुचा, हिला विचार, तुमच्या घरात कोणी सूप प्यायलं नाही ना? नोराबाई म्हणाली, छे, आम्ही कधीच नाही. मी म्हणाले, मग पहिल्या दिवशी कळा येतात, दुसऱ्या दिवशी जीभ सोलवटते आणि तिसऱ्या दिवशी झोप लागते, हे तुझ्या आजीच्या आजीला कोणी सांगितलं? टिअर्नीबाईशी तर कोणी बोलत नव्हतं म्हणतेस.

रुचानं आधी माझ्याकडे बघितलं. म्हणाली, आजी, दॅट्स रूड. मी म्हणाले, असेल, तू सांग.

तिनं सांगितलं. नोराबाईनं खिडकीतून पाखरांच्या डब्याकडे बघितलं. मग हळू बोलली आणि रुचानं त्याचं मराठी केलं. म्हणाली, ऐंशी वर्षांत मला हे कोणी विचारलं नाही. प्यायली ती आमचीच. तीन लेकरं जगवली तिनं त्याच्यावर. टिअर्नी गाव सोडून गेले, तेव्हा आमच्या घरानं हळूहळू त्यांच्यावर ढकललं. ते ऐकायला नव्हते ना. दोन पिढ्यांनी गावालाही तेच खरं वाटायला लागलं, आणि खरं सांगू, मलाही.

मला वाटलं, जिंकले. मी कपात बिस्किट बुडवलं. तेवढ्यात तिनं मला विचारलं. रुचाची वाटसुद्धा बघितली नाही, हातवारे करून, मला कळेल अशा इंग्रजीत. यू वॉच युअर सिस्टर ईट. एट डेज. व्हाय यू नो स्टॉप हर?

तू आठ दिवस बघत होतीस, तर हात का धरला नाहीस?

त्रेपन्न वर्षांत हे आईनं विचारलं नाही, बापानं नाही, गावानं नाही. माझ्या नवऱ्याला मी हीच गोष्ट दहादा सांगितली असेल, त्यानं नाही. आणि ही गोरी बाई कपबशी खाली ठेवून विचारते. रुचा पण थांबली. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळलं की तिच्याही डोक्यात ते आता शिरलंय.

मी म्हणाले, गुडघे दुखतात, घरी चल.

सुलभा, मागच्या महिन्यात मी तुला जे लिहिलं ते विहीणबाईंना सांगितलं असशील तर मला कळव.

आक्का

नेपरव्हिल, ११ डिसेंबर

चि. केसर,

सुलभानं कळवलं की सांगितलं. आणि विहीणबाई म्हणाल्या, बघा, सख्खी बहीणच म्हणते. म्हणजे मी तुझी बाजू घ्यायला लिहिलं आणि तुझ्यावर आणखी एक शिक्का बसवला. चैत्रालीचे दिवस भरत आलेत आणि तुझं अंथरूण खोपीत गेलंय. आता लपवून चालणार नाही.

सुकडी मी खाल्ली.

लिहायला एवढाच वेळ लागतो, बघ.

कामावर आईचा वाटा माझ्या हातात द्यायचे, कारण मी सोळाची, मोठी. तू मजुरांना पाणी पाजत फिरायचीस. पहिल्या दिवशी घरी येताना मी फडक्याची गाठ नीट करताना चिमूटभर तोंडात टाकली. दुसऱ्या दिवशी मूठ. मग बोरीच्या झुडपाशी थांबायलाच लागले. गावाकडे पाठ करून मी बसायचे आणि तू समोर उभी असायचीस. एकदा तू मागितलीस. मी म्हणाले, आईची आहे, हात लावू नकोस. तोंडात घास होता माझ्या.

हे मी कोणाला सांगितलं नाही. भूक होती म्हणून खाल्ली हे सांगता आलं असतं. सगळेच भुकेले होते, कोणी समजून घेतलं असतं. पण खाता खाता तुला म्हणाले की आईची आहे, ते कोण समजून घेणार?

आठव्या दिवशी आईनं फडकं सोडलं आणि म्हणाली, एवढीच? मी म्हणाले, केसर वाटेत खाते. बापानं खुंटीवरचं दावं काढलं. तू एकदाच म्हणालीस, आक्कानं खाल्ली. त्याबद्दल आणखी मार बसला, मोठ्या बहिणीवर आळ घेते म्हणून. मी चुलीपाशी बसून होते. माझी सोयरीक बघत होते त्या वर्षी. एक शब्द बोलले असते तर मोडली असती, असं मला वाटलं. आता वाटतं, मोडली नसती. त्या वर्षी सोयरीक करणाऱ्यांना फक्त खाणारं तोंड घरातून जायला हवं होतं.

पोरगं एकोणिसाव्या दिवशी गेलं. ते माझ्यामुळे गेलं का, मला विचारू नकोस. त्या साली गावात आणखी तीन गेली, त्यांच्या आयांची सुकडी कोणी खाल्ली नव्हती. पण आईला दूध नव्हतं हे खरं, आणि तिच्या वाट्याचं माझ्या पोटात होतं हेही खरं. आजी रडताना तुझ्याकडे हात करून म्हणाली, भाऊखाई. दारात बायका होत्या. त्यांनी उचललं. तेवढं पुरलं.

पुढचं तुला ठाऊकच आहे. माझ्या शशिकांतच्या बारशाला तू हातानं शिवलेलं झबलं घेऊन आलीस, पोराला मांडीवर घेतलंस आणि माझ्या सासूनं पोर तुझ्या मांडीवरून उचलून नेलं. मी पाळण्याची दोरी नीट करत बसले. दोरीला काहीही झालं नव्हतं. तुझा स्वतःचा मुलगा झाला तेव्हा शेजारणी बाळ बघायला आल्या त्या दारातूनच बघून गेल्या. आईच्या दहाव्याला नदीवर तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, आक्का, आई गेली, बाप केव्हाच गेला, आता कोणाला भितेस? आता तरी सांग. मी म्हणाले, लोकांसमोर तमाशा नको. तेव्हापासून तू शेतात आहेस.

नोराबाईच्या घरानं ज्यांच्यावर ढकललं ते जहाजात बसून गेले. आपल्यात उलटं झालं. जिच्यावर ढकललं ती गावात राहिली आणि ढकलणारी विमानात बसून आली.

रुचाला पाच दिवसांपूर्वी सगळं सांगितलं. तिनं मशीन चालू करून परत रेकॉर्ड केलं. संपल्यावर मशीन बंद केलं. मग म्हणाली, आजी, पहिलं डिलीट करू? मी म्हणाले, नको, दोन्ही ठेव. खोटं किती चांगलं सांगता येतं हे पण लोकांना कळू दे. ती म्हणाली, आय ॲम सो मॅड ॲट यू. हे मला तिनं मराठी न करताच कळलं. शशिकांतला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आई, आता या वयात कशाला. त्याला सकाळची शिकागोची गाडी गाठायची होती, गेला. चार दिवस झाले, जेवताना माझ्याकडे बघत नाही.

आता सुलभा, तू नीट ऐक. आतापर्यंत हे तू एकटीनं वाचलं असशील. केसरला वाचू नकोस. तिला यातलं नवीन काहीच नाही, ती एकटीच अशी आहे जिला हे पत्र नको. तू बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा बायका घरी असतात, तेव्हा ओट्यावर बस. विहीणबाईंना बोलावून घे. वरच्या आळीच्या बायकांना, अंगणवाडीच्या आयांना बोलाव. आणि मोठ्यानं वाच. मध्ये काही गाळू नकोस, 'आईची आहे, हात लावू नकोस' हे तर मुळीच गाळू नकोस. कोणी म्हणालं, मग केसर इतकी वर्षं बोलली का नाही, तर सांग, बोलली होती, दहा वर्षांची असताना, त्याचे वळ महिनाभर पाठीवर होते.

गया, धामणदऱ्याच्या किसन मुकिंदाची थोरली मुलगी

नेपरव्हिल, ४ जानेवारी

चि. केसर,

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे कळलं. नाक आपल्या आईसारखं आहे म्हणे. बिचारीचं नशीब, पण पुढे बदलतं कधी कधी.

सुलभानं सगळं लिहिलं. ओट्यावर वीस-बावीस बायका होत्या. तिचा आवाज मध्येच बसला म्हणून पाणी प्यायली आणि पुढे वाचलं. विहीणबाई अर्ध्यातून उठून गेल्या, चहा तसाच ठेवून. वरच्या आळीची काशीबाई म्हणाली, आक्का म्हातारी झाली, बहिणीला सोडवायला स्वतःवर ओढून घेते, एवढी चांगली बाई असं कसं करेल. आणि निम्म्या बायकांनी होकार भरला.

बघ म्हणजे. त्रेपन्न वर्षांचं खोटं चार शब्दांत पटलं होतं, आणि खरं तीन पानं लिहून पटत नाही. वर मीच चांगली ठरले. हॉलमध्ये टाळ्या मिळाल्या तशाच गावातही मिळाल्या, फक्त वाजल्या नाहीत.

सुलभा लिहिते की दवाखान्यातून आल्यावर चैत्राली कोणाचं न ऐकता उठली, पोर उचलली आणि स्वतः खोपीत आणून तुझ्या पायांवर ठेवली. तुम्ही न्हाऊ घाला म्हणाली. सासूला फोन करून सांगितलं, आमच्या आजी घालतात. आजकालच्या पोरींना अक्कल थोडी आणि धीर फार असतो, आमचं उलट होतं आणि त्यातून काय भलं झालं ते दिसतंच आहे. तू पाणी अंगावर घालण्याआधी दोनदा हात धुतलेस म्हणे. तुला हात एवढे धुवायची गरज नाही. तू कोणाचं काही खाल्लेलं नाहीस.

शेवटी सुलभानं तुला विचारलं, मावशीला काय कळवू? तू पोरीचं अंग पुसता पुसता एवढंच म्हणालीस, "तिकडनं लिहायला काय जातंय."

मी ते तीनदा वाचलं. रुचानं विचारलं, आजी, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, शी इज राइट, यू नो. मी म्हणाले, ठाऊक आहे, म्हणूनच तर तिकीट काढ म्हणते.

एकवीस तारखेचं काढलंय. शशिकांत म्हणतो, बर्फात कशाला, मार्चमध्ये मी सोडायला येतो, गुडघ्यांचं काय. त्याला सांगितलं, तू येऊ नकोस. तू बरोबर असलास की त्या बायका तुझ्या बुटांकडे बघतील. नोराबाईनं तिची जाड शाल दिली आहे, विमानात थंडी वाजते म्हणून. ती पण तिच्या गावाला पत्र लिहायचं म्हणतेय, टिअर्नींबद्दल. लिहील न लिहील.

सुलभा, गाडी दारापर्यंत येते हे मला ठाऊक आहे, पण मी स्टँडवर उतरणार आहे आणि चालत येणार आहे. दहाच्या सुमारास, बायका दारात बसलेल्या असतात तेव्हा. काशीबाईच्या ओट्यावर पहिली बसेन. ती म्हणेल, आक्का, एवढी चांगली तू. मी तिला तिच्या तोंडावर सांगेन. मग पुढच्या ओट्यावर. कोणाला माझ्या हातचं पाणी नको वाटलं तर नको. कोणाला मला केसरला चिकटवलेल्या नावानं हाक मारायची असली तर मारावी, मी ओ देईन.

केसर, तू शेतात जाणार असशील तर खुशाल जा. मला आधी गावाशी बोलायचं आहे, त्याला दोन-तीन दिवस लागतील. तुझ्याकडे मी शेवटी येईन. तेव्हाही शेतात असलीस तर बांधावर बसून राहीन. हाक मारणार नाही.

आक्का